विस्मरण झालेल्या जोडीदाराला सांभाळताना आपलं वाचन कसं टिकवावं

नवरा किंवा बायको विसरू लागते, डॉक्टर 'डिमेंशिया' असं नाव सांगतात, आणि पुढच्या काही महिन्यांत घरातल्या बऱ्याच गोष्टी कुणाच्या लक्षातही न येता बंद पडतात. सांभाळणाऱ्या माणसाचं वाचन त्यातलंच एक. वाचनालयाची वर्गणी थकते. उशाशी ठेवलेल्या कादंबरीतली खूण पुढे सरकत नाही.

माझे यजमान नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. त्यांचा अल्झायमर, म्हणजे डिमेंशियाचाच एक प्रकार, आता मधल्या टप्प्यात आहे. दिवसरात्र मी त्यांच्याजवळ असते आणि रोज वाचतेही, आजाराबद्दलचं नव्हे, आवडीचं. ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय त्यांना ते जमावं म्हणून क्रमाने लिहिते आहे. मी बाई म्हणून लिहिते. बायकोला सांभाळणाऱ्या पुरुषांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते. 'मोकळा वेळ मिळाला की वाचू' असं ठरवलंत तर वाचन होणार नाही. या आजारात मोकळा वेळ मिळत नाही, तुकडे मिळतात. तेव्हा तुकड्यात मावेल असं पुस्तक निवडायचं, आणि ती वेळ औषधाच्या वेळेइतकी पक्की धरायची.

आधी निदान

'वय झालं, विसरणारच' असं म्हणून घरच्या घरी निकाल लावू नका. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधांचे परिणाम, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, यांनीही विस्मरण होतं आणि त्यातलं काही उपचारांनी सुधारतं. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, रक्ताच्या तपासण्या आणि स्कॅन सांगतील ते करून घ्या. हे झालं नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तेवढं करा.

दिवसातले तुकडे शोधा

एक साधी वही घ्या आणि आठवडाभर लिहा: ते कधी शांत असतात, कधी झोपतात, कधी मागे मागे फिरतात, कधी चिडतात. आजार कितीही बेभरवशाचा वाटला तरी दिवसाला एक चाल असते, आणि ती लिहिल्याशिवाय दिसत नाही.

बहुतेक घरांत सकाळ बरी जाते. आमच्याकडे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर दोन फेऱ्या मारून आलो, आंघोळ-नाश्ता झाला की हे गॅलरीतल्या खुर्चीत शांत बसतात. थंडीत तर ऊन अंगावर घेत चांगला वेळ बसतात. माझं मुख्य वाचन त्या वेळेत होतं. भांडी, कपडे, कुकर, सगळं नंतर. ज्या वेळेला ते शांत असतात ती वेळ घरकामाला देऊन टाकली, तर अस्वस्थ वेळेत तुम्ही दमलेल्या असणार आणि पुस्तक रात्रीवर ढकललं जाणार. रात्री पहिल्याच पानावर डोळे मिटतात.

संध्याकाळ वाचनाला धरू नका. दिवेलागणीच्या सुमारास या आजारात अस्वस्थता वाढते. घरात बसूनच 'अगं, आपण घरी कधी जायचं?' सुरू होतं. 'अहो, हेच आपलं घर' असं समजावत बसण्यात अर्थ नसतो. 'चहा घेऊ, मग निघू' म्हटलेलं चालतं. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, कारण सावल्यांनी गोंधळ वाढतो. टीव्हीवरच्या आरडाओरड्याच्या बातम्या बंद ठेवा. या दोन-तीन तासांत पुस्तक हातात घेतलंत तर तुमचीच चिडचिड होईल.

पुस्तक उघडण्याआधीची फेरी

वाचताना मन दाराकडे लागलेलं असेल तर डोळे फक्त ओळींवरून फिरतात. म्हणून बसण्याआधी घरात एक फेरी मारायची. बाहेरच्या दाराची कडी लावली का (आम्ही वरच्या बाजूला, नजरेत न येणारी एक जादा कडी बसवून घेतली), गॅसचा रेग्युलेटर बंद आहे का, औषधांचा डबा कुलपात आहे का, बाथरूमची फरशी कोरडी आहे का. त्यांना पाणी दिलं का, लघवीला जाऊन आले का. शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. निम्म्या वेळा उठावं लागतं ते याच कारणांनी.

त्यांच्या खिशात नाव, पत्ता आणि तुमचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड कायम असू द्या. घर पंचवटीत किंवा मेनरोडच्या गर्दीत असेल तर दाराबाहेर गेलेला माणूस दोन मिनिटांत दिसेनासा होतो.

काय वाचावं

सुरुवातीला पाचशे पानांची, चार पिढ्यांची कादंबरी घेऊ नका. मधेच उठावं लागतं, परत येईपर्यंत कोण कुणाचा मेहुणा ते विसरायला होतं, आणि मग 'मलाही तोच आजार झाला की काय' अशी भीती वाटते. तसं काही नसतं. अपुरी झोप आणि सतत अर्धं लक्ष दुसरीकडे, यांनी कुणाचंही असंच होईल.

कथासंग्रह घ्या. ललित लेख, प्रवासवर्णनं, पत्रं, व्यक्तिचित्रं घ्या. कविता घ्या, ज्यांनी शाळा सुटल्यापासून कविता वाचली नाही त्यांना तर मी आग्रहाने सांगीन, कारण एक कविता दूध तापेपर्यंत वाचून होते आणि दिवसभर मनात राहते. पूर्वी आवडलेलं पुस्तक पुन्हा वाचा. त्यात हरवायची भीती नसते, कुठूनही उघडता येतं, आणि त्या पुस्तकाच्या वेळची आपली माणसंही आठवतात. कालनिर्णयच्या पानामागचा लेखसुद्धा वाचनच आहे, त्याला कमी लेखू नका. १९७३ पासून ती दिनदर्शिका घरोघरी लटकते आहे. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचून होणारं तितकं हाताशी दुसरं काही नाही.

आणि दिवाळी अंक! आपल्याकडे ही परंपरा १९०९ मधल्या 'मनोरंजन'च्या अंकापासून मोजतात. सांभाळ करणाऱ्यासाठी जणू मुद्दाम काढल्यासारखा हा प्रकार आहे: एका अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं, सगळं सुटं सुटं, हलका, दुमडता येणारा, आणि सांडलवंड झाली तरी फार हळहळ नाही. बरीच वाचनालयं दिवाळीनंतर वेगळी वर्गणी घेऊन अंकांची योजना चालवतात, त्यात थोड्या पैशांत पुष्कळ अंक फिरून वाचता येतात. जुने अंक रद्दीत घालू नका. दोन वर्षांपूर्वीचा अंक आज पुन्हा नवा लागतो.

काय वाचू नये याबद्दलही माझं मत ठाम आहे. डिमेंशियाबद्दलची पुस्तकं आणि लेख जरूर वाचा, पण ते काम आहे. ते औषधांच्या फाइलबरोबर ठेवा आणि कामाच्या वेळेत वाचा. आनंदाच्या अर्ध्या तासात आजाराला जागा द्यायची नाही. नातेवाईक भेट म्हणून अशीच पुस्तकं आणतात. आभार मानून ती बाजूला ठेवा आणि पुढच्या वेळी 'मला एखादा कथासंग्रह आणाल का' असं स्पष्ट सांगा.

पुस्तकाची व्यवस्था

या आजारात माणूस वस्तू उचलून भलत्याच ठिकाणी 'नीट' ठेवतो. पुस्तक तांदळाच्या डब्यात, चष्मा फ्रीजमध्ये, खूण खिशात. त्यावर चिडून उपयोग नाही, त्यांच्या परीने ते आवरतच असतात. वाचनालयाच्या पुस्तकासाठी एक कापडी पिशवी ठरवा आणि ती दारामागच्या उंच खिळ्याला अडकवा. वाचून झालं की पुस्तक पिशवीत, एरवी कुठेही नाही. पुस्तकाला साधं खाकी कव्हर घाला, रंगीत मुखपृष्ठाकडे हात लवकर जातो. चष्म्याला दोरी लावा आणि तो गळ्यातच असू द्या.

खूण म्हणून जाडसर कागदाची पट्टी वापरा आणि उठताना तिच्यावर पेन्सिलीने दोन ओळी लिहा: 'वकील परत आला. मुलीला अजून कळलेलं नाही.' परत बसल्यावर मागची चार पानं पुन्हा वाचावी लागत नाहीत. या एवढ्याशा गोष्टीने मला कादंबरीसुद्धा परत वाचता येऊ लागली.

रात्री दिवा लावला की ते जागे होतात, अशी अडचण असेल तर मोबाइल किंवा टॅबवर वाचा. पडदा मंद करता येतो, अक्षरं मोठी करता येतात, एका हातात धरून दुसरा हात त्यांच्या हातात ठेवता येतो. मराठी ई-पुस्तकं विकत मिळतात. शिवाय आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं, त्यामुळे मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर जुनं साहित्य फुकट वाचायला मिळतं.

ते शेजारी असताना

मधल्या टप्प्यात माणूस सावलीसारखा मागे असतो. तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की ते शोधत येतात. म्हणून वेगळी खोली शोधू नका, त्यांच्या नजरेसमोर बसा आणि त्यांच्या हाताला काहीतरी काम द्या. मटार सोलणं, रुमालांच्या घड्या, जुना अल्बम, नाण्यांची डबी. घड्या वाकड्या झाल्या तरी त्यांच्यासमोर सरळ करू नका.

तेच तेच प्रश्न येतील. वाचत असलेल्या ओळीवर बोट ठेवा, मान वर करा, त्यांच्याकडे बघून छोटं उत्तर द्या, परत ओळीवर या. 'आत्ताच सांगितलं ना!' या वाक्याने त्यांना आपण काहीतरी चुकलो एवढंच कळतं, उत्तर कळत नाही. कधी कधी उत्तरही नको असतं. 'मी इथेच आहे हं' एवढं पुरतं.

'काय वाचतेस?' असं विचारलं तर पुस्तक मिटू नका. आहे तिथूनच एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा. गोष्टीचं आगापीछा त्यांना लागत नाही, आवाज लागतो. माझ्या निम्म्या कथा आता अशाच अर्ध्या मनात, अर्ध्या मोठ्याने वाचून होतात, आणि ते ऐकताना त्यांचा चेहरा सैल होतो.

दोघांनी मिळून

अर्थ पूर्ण लागेनासा झाला तरी मोठ्याने वाचण्याची कला पुष्कळांकडे बराच काळ टिकते. रस्त्याने जाताना ते दुकानांच्या पाट्या वाचतात का, ते बघा. वाचत असतील तर घरातही वाचू द्या. त्यासाठी मोठी अक्षरं, थोडा मजकूर, चित्रं हवीत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर मोफत वाचायला ठेवले आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणांनी ते मुलांसाठी घरी आणलेलं असतं. मात्र 'हे लहान मुलांचं, तुम्हाला झेपेल' असं चुकूनही म्हणू नका. 'आपल्याकडे यायचं ना हे' म्हणून पुढे ठेवा.

लहानपणी पाठ केलेलं सगळ्यात शेवटपर्यंत राहतं. आरत्या, पाढे, शाळेतल्या कविता, हरिपाठ. समर्थ रामदासांनी बारा वर्षं जिथे तप केलं असं मानतात ती टाकळी आपल्या नाशिकचीच, आणि इथल्या जुन्या घरांत मनाचे श्लोक पाठ असलेली माणसं पुष्कळ सापडतील. श्लोक २०५ आहेत, सगळे एकाच भुजंगप्रयात वृत्तातले, त्यामुळे चाल एकदा सुरू झाली की शब्द तिच्या मागून येतात. मी पहिला चरण म्हणते आणि थांबते. पुष्कळदा पुढचे तीन ते म्हणतात. ज्यांना नातवाचं नाव आठवत नाही त्यांच्या तोंडून चार ओळी न अडखळता ऐकताना काय वाटतं, ते सांगता येत नाही. नाही आलं तर आपणच पूर्ण करायचं. 'आठवतंय का? सांगा बघू' असं विचारलं की त्याची परीक्षा होते आणि ते गप्प होतात.

वर्तमानपत्र वाचून दाखवताना बातमी निवडून घ्या. आग, खून, पूर यांच्या बातम्या त्यांना आत्ता, इथेच घडल्यासारख्या वाटू शकतात. गोदावरीच्या पुराची बातमी ऐकून हे सामान वर ठेवायला लागले होते. शेतीची, क्रिकेटची, हवामानाची बातमी चालते.

कानाने वाचन

स्वयंपाक, कपडे वाळत घालणं, पाय चेपणं, या वेळांत हात गुंतलेले असतात पण कान मोकळे. स्टोरीटेलसारख्या अ‍ॅपवर मराठी ऑडिओबुक वर्गणी भरून ऐकता येतात, आणि आकाशवाणी आहेच. इयरफोन एकाच कानात घाला, दुसरा कान घरासाठी. त्यांना आवाज चालत असेल तर छोट्या स्पीकरवर लावा. काहींना मात्र न दिसणाऱ्या माणसाचा आवाज घरात कुणी शिरल्यासारखा वाटतो. तसं दिसलं तर लगेच बंद करा.

पुस्तकं आणायची कुणी

१८४० पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय, आपलं 'सावाना', नाशिकमध्ये आहे. परशुराम साईखेडकर नाट्यगृह त्याच संस्थेचं. थकलेली वर्गणी भरा. पुस्तक बदलायला दर वेळी तुम्हीच जायला हवं असं नाही. वाचनालयात विचारून घ्या आणि शेजारच्या मुलीला कार्ड आणि पाच नावांची यादी देऊन पाठवा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत जातात. तुमच्या भागात अशी पेटी येते का, याची चौकशी करा. कॉलनीत कुणाला गट करायचा असेल तर तुमच्या घरी पेटी ठेवायला तयार व्हा. माणसं पुस्तक बदलायला येतील, दोन शब्द बोलतील, यांनाही चेहरे दिसतील.

तरीही महिन्यातून एकदा-दोनदा स्वतः जा. कपाटांपुढे उभं राहून पुस्तक निवडणं हा वाचनाचाच भाग आहे. त्यासाठी दोन तास कुणीतरी घरी बसायला हवं. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणणारे खूप असतात, आणि आपण 'हो, सांगते' म्हणून सोडून देतो. सोडू नका. 'गुरुवारी चार ते सहा यांच्यापाशी बसशील? चहा ठेवून जाते, अल्बम काढून ठेवते', असं वार आणि वेळ सांगून मागा. दिराला, भाचीला, भिशीतल्या मैत्रिणीला. परवडत असेल तर ब्युरोतून मावशी ठेवा. पहिले काही दिवस तुम्ही घरात असतानाच तिला येऊ द्या म्हणजे यांना तिची सवय होते.

एक मैत्रीणही ठरवा. दोघींनी एकच कथा वाचायची आणि ठरलेल्या दिवशी फोनवर तिच्याबद्दल बोलायचं. आजाराची चौकशी त्या फोनवर नको, हे आधीच सांगून ठेवायचं. दिवसभर आपण 'यांची बायको' म्हणून बोलत असतो. त्या फोनवर आपल्याला काय आवडलं आणि काय पटलं नाही ते बोलता येतं.

'पुस्तक घेऊन बसली आहे'

हे कुणीतरी म्हणणार. सासरचं, शेजारचं, किंवा आपलंच मन. आपल्या पिढीतल्या बायकांना ओटा आवरल्याशिवाय पुस्तक उघडायची चोरी होती, त्यात आता घरात आजारी माणूस. मी एवढंच सांगीन की अर्धा तास वाचून उठलेली मी आणि न वाचता उठलेली मी, या दोघींच्या आवाजात फरक पडतो, आणि तो आवाज दिवसभर यांनाच ऐकायचा असतो. त्यांच्या वाट्याचा वेळ आपण काढून घेत नाही.

सुरुवातीला लक्ष लागणार नाही. एक पान तीनदा वाचावं लागेल. पाच मिनिटांपासून सुरू करा, सलग काही दिवस एकाच जागी, एकाच वेळी. पुस्तक नाही आवडलं तर अर्धवट सोडा. मात्र आठवड्यांमागून आठवडे कशातच मन रमत नसेल, झोप नसेल, रडू येत असेल, 'हे संपलं तर बरं' असं वाटत असेल, तर तो वाचनाचा प्रश्न नाही. स्वतःच्या डॉक्टरांकडे जा. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर मानसिक आरोग्यासाठी फोनवर बोलता येतं, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

आजार पुढे सरकल्यावर

वहीतला नकाशा दर काही महिन्यांनी बदलेल. सकाळ बिघडेल, दुपार शांत होईल, तसं वाचनाची वेळ हलवा. ते अंथरुणाला खिळले तर बसून राहण्याचा वेळ उलट वाढतो, आणि शेजारी बसून मोठ्याने वाचलेलं त्यांना तेव्हाही सोबत करतं. भरवताना मात्र पुस्तक, मोबाइल, ऑडिओ, काहीही नको. या टप्प्यात गिळायला त्रास होतो, घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तेव्हा पूर्ण लक्ष त्यांच्या तोंडाकडे हवं, पाठ सरळ आणि घास लहान.

दवाखान्यात अचानक न्यावं लागतं म्हणून एक पिशवी भरलेली असू द्या: फाइल, औषधांची यादी, आधार कार्डाची प्रत, त्यांचे एक जोडी कपडे, चार्जर, बिस्किटं. त्यातच एक पातळ कथासंग्रह, आधी वाचलेला आणि आवडलेला, आणि जादा चष्मा टाका.